ग्राइम पहिल्यांदा ऐकताय? स्टॉर्म्झीच्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करा

माझी सुरुवात साफ चुकली होती. मोबाइल ओट्यावर ठेवला, कुकर लावला आणि कुणीतरी सुचवलेलं एक ग्राइम गाणं सुरू केलं. अर्ध्या मिनिटात आतून आईचा आवाज आला, "कोण भांडतंय रे?" मलाही तसंच वाटत होतं. गाणं बंद केलं आणि पुढचे कित्येक महिने त्या वाटेला गेलो नाही. दोष गाण्याचा नव्हता, ऐकण्याच्या पद्धतीचा होता, हे फार उशिरा कळलं. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हा लेख.

ग्राइम हा लंडनचा ऐवज. २००० सालाच्या आसपास पूर्व लंडनच्या बो भागातल्या सरकारी वसाहतींत तो जन्मला. अमेरिकन हिप-हॉपची ही नक्कल नव्हे. याचं घराणं वेगळं आहे : यूके गराज, जंगल (ही दोन्ही ब्रिटिश क्लबांतली नाचाची संगीतं) आणि जमैकन डान्सहॉल. सुरुवातीसाठी मी सुचवतोय तो अल्बम म्हणजे लंडनचा रॅपर स्टॉर्म्झी याचा 'गँग साइन्स अँड प्रेअर'. २४ फेब्रुवारी २०१७ ला तो त्याच्या स्वतःच्या 'मर्की' या लेबलवर आला आणि ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारा पहिला ग्राइम अल्बम ठरला. जुने जाणकार नाक मुरडतील. म्हणतील, यात शुद्ध ग्राइम अर्धाच आहे, खरं ऐकायचं तर २००३ चं ऐका. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण पोहायला शिकवताना कुणी थेट विहिरीच्या खोल बाजूला ढकलत नाही. (आमच्या गावात ढकलायचे, तो भाग वेगळा.)

पहिली पायरी : आधी कानाची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर ग्राइम ऐकू नका. या संगीताचा निम्मा जीव खालच्या बेसमध्ये असतो आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर नेमका तोच गिळून टाकतो. उरतो फक्त वरचा टणटणाट आणि ओरडणारा माणूस. म्हणूनच आमच्या आईला ते भांडण वाटलं. चांगले इअरफोन पुरतात, महागडे लागत नाहीत. कानात घट्ट बसले पाहिजेत, सैल बसले की बेस बाहेरच राहतो. गाडीत बऱ्यापैकी म्युझिक सिस्टिम असेल तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट. अल्बममध्ये शिव्या भरपूर आहेत. घरात लहान मुलं किंवा सासू-सासरे असतील तर इअरफोनच बरे.

दुसरी पायरी : शब्द सोडा, टाळी पकडा

नवखा माणूस पहिल्या मिनिटापासून शब्दांच्या मागे धावतो आणि दमतो. शब्द नंतर येतील. आधी लय.

ग्राइमची चाल साधारण मिनिटाला १४० ठोक्यांची. घड्याळ लावा आणि १५ सेकंदांत ३५ टाळ्या बसतात का बघा. पहिल्या खेपेला हात अवघडतील. आता त्याच गाण्यावर एकाआड एक ठोका सोडून मान हलवा. गाणं अचानक निम्म्या गतीचं, जड आणि डुलतं वाटायला लागेल. ग्राइमची सगळी गंमत या दोन गतींच्या ओढाताणीत आहे : खाली बेस संथ चालतो आणि वर एमसी, म्हणजे माइकवर शब्द म्हणणारा, दुप्पट वेगानं शब्द पेरत जातो. आपल्याकडे विलंबित ठेक्यावर कुणी द्रुत अंगानं तिहाई घेतली की जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी.

मग आवर्तन मोजा. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारचं एक आवर्तन. म्हणजे ३२ ठोके, १४० च्या चालीत जेमतेम १४ सेकंद. बहुतेक एमसी याच आठाच्या किंवा सोळाच्या चौकटीत विचार करतात. जुन्या काळी बीटचा, म्हणजे शब्दांखालच्या संगीताचा, आवाज आणि नक्षीही दर आठ बारला पालटायची. ग्राइम हे नाव रुळायच्या आधी या प्रकाराला 'एट-बार' असंही म्हणत. बोटांच्या पेरांवर आठ मोजता आले की निम्मं काम झालं. तुम्हाला समेसारखी एक जागा सापडते आणि तिथे एमसी कसा येऊन आदळतो ते ऐकू यायला लागतं.

तिसरी पायरी : अल्बम मागून उघडा

अल्बमात १६ तुकडे आहेत. पहिल्यापासून सुरू करू नका, पंधराव्यापासून करा. तो म्हणजे 'शट अप'.

हे गाणं मुळात अल्बमसाठी झालेलंच नाही. २०१५ मध्ये स्टॉर्म्झी दक्षिण लंडनच्या एका पार्कात मित्रांच्या घोळक्यापुढे ट्रॅकसूट घालून उभा राहिला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी जुन्या बीटवर फ्रीस्टाइल म्हणून मोकळा झाला. बीट होती एक्सटीसी या निर्मात्याची 'फंक्शन्स ऑन द लो', २००४ ची. व्हिडिओ यूट्यूबवर गेला आणि पसरत सुटला. डिसेंबर २०१५ मध्ये बॉक्सर अँथनी जोशुआ रिंगकडे निघाला तेव्हा स्टॉर्म्झीनं तिथे हेच गाणं सादर केलं. मग चाहत्यांनी ते नाताळचं नंबर एकचं गाणं व्हावं म्हणून मोहीमच उघडली. एक झालं नाही, पण पार्कात उभ्या उभ्या केलेलं फ्रीस्टाइल आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता करायचं काय? आधी 'फंक्शन्स ऑन द लो' नुसती ऐका, शब्दांशिवाय. तिच्यात बासरीची आठवण करून देणारा एक उदास सूर फिरत राहतो. तीनचारदा ऐकलात की तो गुणगुणता येईल. मग 'शट अप' लावा. सूर तुमच्या ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे वरचा माणूस काय करतोय याकडे लक्ष द्यायला कान मोकळे होतात. कुठे तो ठोक्याच्या किंचित मागे रेलतो, कुठे ओळ अर्धी सोडतो, कुठे चार ओळींचा शेवट एकाच आवाजावर ठोकतो. तो श्वास कुठे घेतो ते शोधा. मी तीन दिवस याच गाण्यावर होतो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना पाय आपोआप आठाच्या हिशेबानं पडायला लागले.

दुसऱ्याच्या बीटवर म्हणणं ही चोरी नाही, हेही इथेच समजून घ्या. ग्राइममध्ये एक बीट, त्यांच्या भाषेत रिदम, दहा जणांच्या हातून जाते. चाल एक, आणि ज्याचे शब्द भारी त्याचं नाव. ओवीची चाल कुणाच्या मालकीची असते का?

चौथी पायरी : थोडी भाषा

शाळेत शिकलेलं इंग्रजी इथे फार कामाला येत नाही. लंडनच्या वसाहतींतली ही बोली जमैकन, पश्चिम आफ्रिकन आणि जुनी कॉकनी यांच्या मिसळीतून झालेली आहे. 'थिंग'चं 'टिंग' होतं, 'दॅट'चं 'डॅट'. शब्दांची यादी पाठ करू नका, कामापुरते घ्या. 'मँडेम' म्हणजे आपली पोरं, आपली गँग. 'एंड्स' म्हणजे आपला एरिया. 'बेअर' म्हणजे लय, भरपूर. 'वेस्टमन' म्हणजे वाया गेलेला इसम. 'स्केंग' म्हणजे हत्यार. 'मर्क' करणं म्हणजे समोरच्याला लोळवणं, लेबलचं नाव त्याच धाग्यातलं.

एक खुबी मात्र मराठी माणसाला पटकन कळेल. हे लोक 'मी' म्हणायच्या जागी सर्रास 'मॅन' म्हणतात : मॅन आला, मॅननं बघितलं. पहिल्यांदा गोंधळ होतो, हा 'मॅन' कोण? तोच, बोलणारा. आपण नाही का दारात उभं राहून म्हणत, "अरे, माणसाला आधी पाणी तर विचार!"

पाचव्या गाण्याचं नाव 'बिग फॉर युअर बूट्स'. त्याचा बुटांशी काही संबंध नाही. डोक्यात हवा गेलेल्यांना उद्देशून आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना स्क्रीनवर गाण्याचे शब्द समोर ठेवा. पहिल्यांदा ठेवू नका. डोळे वाचायला लागले की कान झोपतात.

पाचवी पायरी : रीलोड म्हणजे काय ते बघा

या पायरीसाठी अल्बम बाजूला ठेवा. यूट्यूबवर ग्राइमचे जुने रेडिओ सेट आणि क्लॅशेस शोधा आणि एखादी संध्याकाळ त्यात घालवा.

ग्राइम वाढला तो बेकायदा रेडिओवर. वसाहतींतल्या उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायचा, एखाद्या खोलीत डीजे आणि आठदहा एमसी कोंबायचे, माइक एक-दोनच. वाट बघत उभं राहायचं, आपली पाळी आली की आठ किंवा सोळा बार म्हणायचे आणि माइक पुढे द्यायचा. 'रिन्स एफएम' १९९४ मध्ये असंच सुरू झालं आणि त्याला रीतसर परवाना मिळाला २०१० मध्ये. त्याच्या संस्थापकांपैकी एक, डीजे स्लिमझी. त्याला तर २००५ मध्ये टॉवर हॅम्लेट्स भागातल्या इमारतींच्या गच्च्यांवर जायलाच मनाई झाली होती. हे समजलं की ग्राइमची घाई समजते. माइक हातात आहे तोवर जे सांगायचं ते सांगून टाका, पुढचा तयारच आहे.

या सेटमध्ये एखाद्याची ओळ जबरदस्त बसली की खोलीत एकच गिल्ला होतो आणि डीजे रेकॉर्ड मागे ओढून बीट पहिल्यापासून लावतो. हा रीलोड. एमसीला यापेक्षा मोठी दाद नाही. संगीत नाटकांच्या काळात पद संपलं की थिएटरातून 'वन्स मोअर' यायचा आणि पात्रं प्रसंग थांबवून तेच पद पुन्हा गायची. रीलोड म्हणजे तोच वन्स मोअर, फरक एवढाच की इथे पद संपायचीही वाट बघत नाहीत.

क्लॅश म्हणजे दोन एमसींचा समोरासमोरचा सामना. 'लॉर्ड ऑफ द माइक्स' या डीव्हीडीमालिकेनं ते घराघरांत नेले. जॅमर नावाच्या एमसीच्या घराच्या तळघरात ते रंगायचे. त्यातली २००४ ची वायली विरुद्ध केनो ही लढत बघाच. ज्यांनी कोकणात रात्रभर कलगी-तुऱ्याची बारी ऐकली आहे, प्रतिपक्षाच्या शाहिराची भर मांडवात सालटी काढलेली पाहिली आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. तळघर मात्र फारच अरुंद आहे.

सहावी पायरी : आता अल्बम, सलग, एका बैठकीत

तासाभराचा अल्बम आहे. शफल बंद करा. ही सूचना मी जीव तोडून करतोय, कारण या अल्बमचं म्हणणं गाण्यांपेक्षा गाण्यांच्या क्रमात जास्त आहे.

तिसऱ्यापासून पाचव्या गाण्यापर्यंतचा पट्टा घ्या. तिसरं 'बॅड बॉइज'. सोबत गेट्स आणि जे हस हे रॅपर, काळोखी बीट, गल्लीतल्या दहशतीचा सूर. ते संपतं आणि लगेच 'ब्लाइंडेड बाय युअर ग्रेस'चा पहिला भाग येतो. ढोल नाहीत, रॅप नाही. सहा फूट पाच इंचांचा हा माणूस चक्क गातो आणि देवाचे आभार मानतो. आवाज तयारीचा नाही, वरच्या सुराला जाताना जपून पाऊल टाकतोय हे ऐकू येतं. ती जागा तयारीच्या गवय्याकडे दिली असती तर मेली असती. आपण जरा विरघळतो तोच 'बिग फॉर युअर बूट्स' दार लाथेनं उघडून आत येतं.

बरेच नवे श्रोते इथे अडखळतात. हा गुंड आहे की भक्त? इंग्रजी समीक्षकांनीही या जोडीवर पुष्कळ शाई खर्च केली. मला वाटतं, यात अडखळायचं सगळ्यात कमी कारण मराठी श्रोत्याला आहे. आपल्या तमाशाची सुरुवातच गणानं होते. आधी गणपतीला हात जोडायचे, मग गवळण, मग बतावणीत वाटेल तो चावटपणा, आणि एकाच फडावर, त्याच माणसांनी. त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. अल्बमचं नाव तसंच सरळ घ्या : गँगच्या खुणाही आहेत आणि प्रार्थनाही आहे. मुखपृष्ठावरही लांब टेबलामागे चेहरे झाकलेली पोरं बसली आहेत आणि मध्ये स्टॉर्म्झी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्राची आठवण व्हावी अशा बेतानं.

मधल्या भागात घाई केली तरी चालेल. 'सिगारेट्स अँड कुश' मला लांबलेलं वाटतं. केलानी आणि लिली अ‍ॅलन या गायिका असूनही ते रेंगाळतं. 'वेल्व्हेट'च्या शेवटी एका बाईंचा रेशमी आवाज येतो, त्या जेनी फ्रान्सिस. लंडनच्या रेडिओवर रात्री प्रेमगीतं लावायच्या. आपल्याकडे रात्रीच्या 'बेला के फूल'नं ज्यांची झोप लागायची त्यांना तो संदर्भ न सांगता कळेल. 'मिस्टर स्केंग' मात्र सोडू नका, शुद्ध ग्राइम हवा असेल तर तो तिथे आहे. '१०० बॅग्ज' आईसाठी आहे. 'डोन्ट क्राय फॉर मी'मध्ये गाणारा राले रिची म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला ग्रे वर्म. हे मला कळलं तेव्हा मी गाणं थांबवून फोटो शोधत बसलो होतो.

दहावं गाणं 'ब्लाइंडेड'चा दुसरा भाग. आता साथीला एमएनईके हा गायक आहे, मागे समूहगान आहे. चौथ्या गाण्यातला एकटा, जपून लागणारा सूर इथे भरल्या देवळासारखा होतो. दोन्ही भाग एकदा लागोपाठ ऐकून बघा, पण सलग ऐकून झाल्यानंतरच.

शेवटचे तीन तुकडे सर्वांत चांगले रचले आहेत. चौदावा म्हणजे तुरुंगातून आलेला फोन. बोलणारा क्रेझी टिच. तो ग्राइमच्या पहिल्या पिढीतला गाजलेला एमसी, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा. त्याचा आवाज संपतो आणि पंधरावं 'शट अप' सुरू होतं. तुम्हाला पाठ झालेलं तेच गाणं. पण आता ते निराळं लागतं, कारण याच रस्त्यानं गेलेला दुसरा माणूस कुठे पोचला ते आत्ताच ऐकलेलं असतं. पार्कातली ती मस्ती थोडक्यात वाचलेल्या माणसाची वाटते. आणि सोळावं 'ले मी बेअर', जिथे तो नैराश्याबद्दल आणि बापाबद्दल बोलतो. त्याच्यावर मी काही लिहीत नाही. दिवा मालवून ऐका.

सातवी पायरी : 'स्वतंत्र' या शब्दाचा हिशेब

ही पायरी ज्यांना स्वतः काही करून बघायचं आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी ओलांडली तरी चालेल.

स्टॉर्म्झीला बड्या कंपनीनं शोधून काढलं नाही. संगीत पूर्ण वेळ धरण्याआधी तो तेलशुद्धीकरणाशी संबंधित नोकरीत होता. २०१४ मध्ये 'ड्रीमर्स डिझीझ' हा छोटा संच त्यानं स्वतःच काढला. त्याच वर्षी कुठल्याही कंपनीशी करार नसताना तो बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात दिसला. सोबतीला यूट्यूबवर 'विकेडस्केंगमन' नावाची फ्रीस्टाइलची मालिका चालू होती. 'शट अप'ची स्टुडिओतली आवृत्ती तिच्या चौथ्या भागाबरोबर बाहेर आली. म्हणजे अल्बम यायच्या आधी तीन वर्षं श्रोते गोळा करण्यात गेली. २०१६ मध्ये तो सोशल मीडियावरून जवळजवळ गायब झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये परतला तो गाणं आणि लंडनभर लागलेले मोठे फलक घेऊनच.

पण स्वतंत्र म्हणजे एकटा, असं समजू नका. लेबल त्याचं, वितरण वॉर्नरच्या एडीए या शाखेकडे. निर्मितीचा मुख्य भार फ्रेझर टी स्मिथकडे. अडेलचं 'सेट फायर टू द रेन' तिच्याबरोबर लिहिणारा हाच माणूस. 'बिग फॉर युअर बूट्स'मागे ग्राइममधलाच सर स्पायरो आहे. म्हणजे गल्लीतला कान आणि मोठ्या स्टुडिओचा कान, दोन्ही त्यानं स्वतः निवडून आणले, आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला. खोलीत लॅपटॉपवर अल्बम करणाऱ्यांनी इथे थांबून आपला हिशेब मांडावा : कुठलं काम स्वतःला येतं, कुठल्यासाठी माणूस आणायचा, आणि कुठली सही कधीच द्यायची नाही. माझ्या ओळखीच्या एका पोरानं पहिल्याच गाण्याच्या वेळी न वाचता कागदावर सही केली. आज स्वतःचंच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकायला त्याला परवानगी मागावी लागते.

२०१८ च्या ब्रिट पुरस्कारांत या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचा मान मिळाला. त्या रात्री स्टॉर्म्झी मंचावर पाडलेल्या पावसात चिंब उभा राहिला, लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीतल्या लोकांसाठीच्या पैशांचं काय झालं असं पंतप्रधान थेरेसा मे यांना नाव घेऊन विचारलं, आणि 'ब्लाइंडेड' गायला. हे सादरीकरण यूट्यूबवर सापडेल. प्रार्थना आणि खडे बोल एकाच गाण्याच्या अंगणात कसे मावतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आठवी पायरी : इथून मागे जा

अल्बम दोनतीनदा झाला की उलट्या दिशेनं चाला. आधी स्केप्टाचा 'कोन्निचिवा'. तोही स्वतःच्याच लेबलवर आला आणि २०१६ चं मर्क्युरी पारितोषिक घेऊन गेला. मग २००४ चं लीथल बिझलचं 'पाव!'. ते लागलं की क्लबात इतकी धुमश्चक्री व्हायची की कित्येक ठिकाणी त्यावर बंदी आली. मग वायलीची 'एस्किमो', नुसती बीट, बर्फासारखी गार. सगळ्यात शेवटी डिझी रास्कलचा २००३ चा 'बॉय इन दा कॉर्नर', जुने जाणकार ज्यासाठी आग्रह धरत होते तो. तो आला तेव्हा डिझीला १९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आवाज चिरका, बीट मोडक्या यंत्रासारखी. पहिल्याच दिवशी तो ऐकला असता तर तुम्ही पळाला असता. आता आठ मोजत बसाल.

मागच्या आठवड्यात मी तोच लावून स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो, या वेळी चांगल्या स्पीकरवर. आई आली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हा मागच्यापेक्षा जास्त भांडतोय. पण तालात आहे."